तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाची जबाबदारी आली आहे, गोव्यातल्या जाणकारांनी कृपया बोलावं

मृगनक्षत्र
नमस्कार मंडळी,

मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पण आज खरोखर मदत हवी आहे म्हणून धागा काढतेय. गोव्यातल्या एका शैक्षणिक संस्थेत मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाचा कार्यभार माझ्याकडे दिला. माझे तास होते तेवढेच आहेत, हे त्यावर आणखी. कार्यालय म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली, एक लोखंडी कपाट, कंत्राटावर घेतलेली एक हुशार मुलगी आणि ३१ फायली.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: प्राध्यापक आणि विद्यार्थी जे नवीन शोधून काढतात त्याचं संरक्षण करायचं, ते बनवू शकेल असा उद्योजक शोधायचा, त्याच्याशी परवान्याचा करार करायचा, रॉयल्टी आली की नियमाप्रमाणे वाटायची. कुणाला स्वतःच कंपनी काढायची असेल तर त्याच्या पाठीशी उभं राहायचं. असं हे काम.

३१ फायलींपैकी ११ पेटंटं मंजूर आहेत. परवाना दिलेलं एकही नाही. चार पेटंटांच्या नूतनीकरणाची तारीख उलटून गेली तरी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. तीन संध्याकाळी बसून मी सगळ्या फायली वाचल्या. अर्ज आहे, परीक्षण अहवाल आहे, त्याला दिलेलं उत्तर आहे, वकिलाची बिलं आहेत. ‘अमक्या कारखानदाराला दाखवलं, तो असं म्हणाला’ एवढं लिहिलेला एक कागद मात्र एकाही फायलीत सापडला नाही. मला हेच सगळ्यात लागलं.

एक उदाहरण सांगते. आमच्याकडे कोकमाची सोलं वाळवायचं एक यंत्र आहे. ज्यांनी केलं ते सर निवृत्त झाले. एप्रिल-मे महिन्यांत भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. ती फोडायची, बिया काढायच्या, साल मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. हे चक्र पुरं व्हायच्या आत वळीव आला की सगळं बुरसतं. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी हे होतंच. म्हणून हे यंत्र. पेटंट मंजूर होऊन सात वर्षं झाली. यंत्र प्रयोगशाळेच्या मागे निळ्या ताडपत्रीखाली उभं आहे. परवा ताडपत्री काढली तर ट्रेच्या कोपऱ्यांत जुन्या रसाची काळी-तांबडी खरपुडी तशीच चिकटलेली. नखाने काढून बघितली, निघेना.

तेव्हापासून माझं मत असं होत चाललंय, की या कार्यालयाच्या प्रमुखाने वकिलाकडे जायच्या आधी दोन घरी जाऊन यावं: वस्तू जो बनवणार त्याच्या, आणि जो वापरणार त्याच्या. पण एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीच्या, मानांकनात पेटंटांना गुण असल्यामुळे वरून विचारणा होते ती आकड्याचीच. ‘या वर्षी किती अर्ज टाकणार?’ हा पहिल्याच बैठकीतला प्रश्न होता.

कुठल्या फायली ठेवाव्यात आणि कुठल्या सोडून द्याव्यात? माणूस घ्यायचा तर कसला घ्यावा? आणि गोव्यासारख्या लहान राज्यात परवाना घेणारा गाठायचा तरी कुठे? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_फोंडा
ताई, धाग्याबद्दल आभार. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत अनेक वर्षं हेच काम केलं, आता फोंड्याला घरी असतो.

आपल्या गोमंतकीयांचं या विषयाशी नातं जुनं आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली मिळालं होतं. सीएसआयआरने, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, जुने ग्रंथ आणि लेख पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते आपल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. त्या काळात प्रयोगशाळेतल्या कारकुनापासून संचालकापर्यंत सगळे ‘आधी पेटंट, मग शोधनिबंध’ असं बोलायला लागले होते. तो बदल हवाच होता. पण पुढे काही ठिकाणी पेटंटापाशीच गाडी थांबली, तुमच्या कपाटात ती थांबली आहे तशी.

आता कामाचं. तात्पुरता अर्ज टाकला की पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. बहुतेक संस्था हे १२ महिने प्रयोग वाढवण्यात घालवतात आणि अकराव्या महिन्यात वकिलाला फोन करतात. तुम्ही ते फिरण्यासाठी वापरा. अर्ज टाकलेला असतो, हक्क मोजायची तारीख हातात असते, एका पानाचा गोपनीयता करार करून वस्तू मोकळेपणाने दाखवता येते. वर्षभरात दहा जणांना दाखवूनही कुणी ‘पुन्हा या’ म्हणालं नाही, तर पूर्ण अर्ज करू नका. शैक्षणिक संस्थांना सप्टेंबर २०२१ पासून शासकीय शुल्कात ८० टक्के सवलत आहे, ऑनलाइन अर्ज १,६०० रुपयांत होतो. म्हणजे एवढी चाचपणी करायची किंमत फार नाही. खरा खर्च पुढे वकिलाचा आणि परदेशातल्या अर्जांचा.

माणूस घेताना कायद्याची पदवी बघू नका, कायद्याला बाहेरचा एजंट मिळतो. औषध किंवा यंत्रसामग्रीच्या कंपनीत चार-पाच वर्षं विक्री किंवा उत्पादन केलेला, सकाळी वेर्ण्याला आणि दुपारी डिचोलीला जायला न कंटाळणारा माणूस घ्या. आणि त्याला गाडीभत्ता द्या. हे मी अगदी गंभीरपणे लिहितोय. आमच्याकडे एक उत्तम मुलगा केवळ प्रवासाची बिलं महिनोन्‌महिने अडकायची म्हणून सोडून गेला.

पेडणे_ते_दादर
मी पेटंट एजंट आहे. गोवा मुंबई पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे गोव्याची बरीच कामं बघते.

आधी त्या चार फायली. नूतनीकरणाची तारीख हुकली तर सहा महिने जादा शुल्क भरून वाचवता येतं. तेही गेलं तर पेटंट संपल्यापासून १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो, पण हलगर्जी मुद्दाम झाली नव्हती हे पटवून द्यावं लागतं. उद्याच तारखा काढा. शैक्षणिक संस्थेला तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८००, सातव्या ते दहाव्यापर्यंत २,४००, पुढे ४,८०० आणि सोळाव्यापासून ८,००० असं वाढत जातं. म्हणून ‘ठेवायचं की सोडायचं’ हा विचार सहाव्या वर्षाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या अखेरीस नेमाने करायची सवय लावा. आणि १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांना परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत करावी लागते, पूर्वीचे ४८ महिने डोक्यात ठेवून बसू नका. मुदतीत विनंती गेली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

अन्नतंत्रज्ञान आणि गोवा म्हटल्यावर आणखी तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. परंपरेने चालत आलेलं ज्ञान पेटंट कायद्याच्या कलम ३(पी)खाली पेटंटयोग्य नाही. कोकमाचा कढा पोटाला बरा, यावर पेटंट मिळणार नाही. वाळवण्याच्या यंत्रावर मिळेल. दुसरं, इथल्या वनस्पती किंवा जिवाणू वापरले असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा टप्पा येतो. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराला पेटंट मंजूर होण्याआधी तिथे नोंदणी करावी लागते आणि व्यापारी वापर सुरू करताना मंजुरी लागते. परवाना घेणाऱ्याला हे करार करतानाच सांगा, नाहीतर तो नंतर फसवलं गेल्यासारखा वागतो, आणि त्याचं चुकत नाही. तिसरं, भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग. काजूफेणीला ते २००९ साली मिळालं. ते उत्पादकांच्या समूहाचं असतं, कुणा एकाला परवान्यावर देता येत नाही. फेणीची नवी भट्टी कुणी आणली तर भट्टीवर पेटंट घेता येईल, पण त्या भट्टीने पद्धतच बदलली तर त्यातून निघालेल्या दारूला फेणी म्हणता येईल का, हे मानांकनाचा मूळ दस्तऐवज उघडून बघावं लागतं. माझ्याकडे असा प्रश्न घेऊन एक जण भट्टी बांधून झाल्यावर आला होता.

खाजन
मी हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितोय.

माझी पीएच.डी. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या, चिखलात सापडणाऱ्या जिवाणूंवर होती. एक जिवाणू खाऱ्या पाण्यातही चांगलं काम करणारं विकर (एन्झाइम) तयार करत होता. चार वर्षं भरती-ओहोटीच्या वेळा बघून नमुने आणले, मानशीवरच्या (बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या) माणसाशी मैत्री केली, तो फोन करून ‘आज पाणी उतरलंय, ये’ म्हणून सांगायचा. प्रबंध झाला, पदवी मिळाली, नियमाप्रमाणे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढला. पाच महिन्यांनी एका कंपनीने विचारणा केली. तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, पेटंटसाठी अर्ज करू या. एजंटने पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं की सगळं आधीच उघड झालंय, आता पेटंट मिळणार नाही. कंपनी पुन्हा बोलली नाही.

माझ्या संस्थेतही असं कार्यालय होतं, मला त्याचं दार ठाऊक नव्हतं. मॅडम, तुम्ही एवढं तरी करा: प्रबंध सादर करण्याआधीचा जो सेमिनार असतो, त्याला तुमच्या कार्यालयातलं कुणीतरी मागच्या बाकावर येऊन बसू दे. सेमिनारची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते. तेवढा वेळ तात्पुरत्या अर्जाला पुरला असता.

पेडणे_ते_दादर
खाजन, वाचून फार वाईट वाटलं. इतरांसाठी लिहिते, कारण ‘शोध उघड केल्यावरही १२ महिन्यांची सवलत असते ना?’ असं लोक हमखास विचारतात. आपल्या कायद्यात ती आहे, पण फार अरुंद आहे: शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणं, विद्वत्‌सभेपुढे निबंध वाचणं किंवा त्या सभेच्या इतिवृत्तात तो छापणं, अशा मोजक्या बाबतींत. इंटरनेटवर टाकलेला प्रबंध त्यात बसत नाही. युरोपात तर एवढीही मोकळीक नाही.

आणि जिवाणू असेल तर तो मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. पुण्यात तशी सोय आहे, चंडीगडलाही आहे. ठेवल्याचा क्रमांक अर्जात द्यावा लागतो. सेमिनारच्या आधीच्या यादीत हेही लिहा.

वित्त_आणि_लेखा
थोडं वेगळं मत मांडतो. मी एका महाविद्यालयाच्या प्रशासनात आहे. आकड्याला इतकं दूषण देऊ नका. पेटंटं दिसली नाहीत तर पुढच्या वर्षी कार्यालयाला अनुदानच मिळत नाही, कंत्राटावरची ती मुलगीही जाते. शिवाय वेर्ण्याच्या मोठ्या औषध कंपन्या पेटंट हातात नसेल तर तुम्हाला बैठकीचीही वेळ देत नाहीत. हे मी स्वतः बघितलंय. फिरत बसलात आणि अर्ज राहिले, तर दोन्ही बाजूंनी नुकसान.

निवृत्त_फोंडा
औषधांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. रेणू असेल तर अर्ज आधी, फिरणं नंतर, यात दुमत नाही. पण ताईंच्या कपाटातली बरीचशी कामं यंत्रं, प्रक्रिया आणि खाद्यपदार्थ अशी दिसतात. ती घेणारा गिऱ्हाईक कुंडई, मडकई, पिसुर्ले, तुये इथला दहा-पंधरा कामगारांचा कारखानदार आहे. त्याला पेटंटचा दाखला दाखवला तर तो हात जोडतो आणि चहा देतो, बस. तो विचारतो पत्रा किती जाडीचा आणि दुरुस्तीला कोण येणार.

मॅडिसन_मुक्काम
मी मूळची मडगावची, बरीच वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. इथल्या विद्यापीठाची गोष्ट तुमच्या उपयोगाची वाटते. हॅरी स्टीनबॉक नावाच्या प्राध्यापकाला अतिनील किरणांनी अन्नात ड जीवनसत्त्व वाढवता येतं असं सापडलं. त्यांनी स्वतःच्या खिशातले ३०० डॉलर घालून पेटंटचा अर्ज केला, आणि विद्यापीठासाठी ते सांभाळायला १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी एक वेगळी संस्था उभी केली. ती आजही चालू आहे. त्या परवान्यांमुळे जीवनसत्त्व घातलेलं अन्न घराघरांत गेलं आणि मुलांचा मुडदूस हटायला मोठी मदत झाली.

दुसरं उदाहरण स्टॅनफर्डचं. जनुकं जोडण्याच्या कोहेन-बॉयर पेटंटचा परवाना त्यांनी एकाच कंपनीला न देता, मागेल त्याला दिला. सुरुवातीचं शुल्क १०,००० डॉलर, म्हणजे लहान कंपनीलाही झेपेल असं. १९९७ मध्ये पेटंट संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि साडेपंचवीस कोटी डॉलर मिळाले. पण ही उदाहरणं बैठकीत सांगताना जपून सांगा. अशी पेटंटं क्वचित लागतात. इथलीही बहुतेक कार्यालयं स्वतःचा खर्चसुद्धा रॉयल्टीतून भागवू शकत नाहीत, आणि विद्यापीठं ते धरूनच चालतात. कार्यालय तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभं राहील, असं तुमच्याकडून कुणी लिहून मागत असेल तर लिहून देऊ नका. कळकळीने सांगतेय.

सत्तरीची_माती
आमचा बायकांचा गट आहे, सोलं, आमसुलं आणि आगळ करतो. परवान्यातलं मला फार कळत नाही, पण कोकमाचा विषय निघाला म्हणून लिहिते.

चार-पाच वर्षांपूर्वी एका संस्थेने (कुठली ते सोडा) आमच्याकडे असंच एक यंत्र चाचणीला आणलं होतं. सोलं छान वाळायची, रंगही राहायचा. पण भरलेला ट्रे दोघींना धरूनसुद्धा वरच्या कप्प्यात सरकवता यायचा नाही. आम्ही खालचे तीनच कप्पे वापरायचो. त्यांच्या अहवालात मात्र सगळे कप्पे भरून किती किलो वाळतात तेच लिहिलं होतं. शिवाय मे महिन्यात आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि पंखा थांबला की आत घाम सुटतो. हे आम्ही सांगितलं होतं. लिहून घेतलं की नाही कुणास ठाऊक. बाई, तुम्ही यायचं म्हणत असाल तर हंगामात या, भिंडां फोडायला बसल्यावर सगळं कळेल.

कुंडईकर
मी कुंडईच्या वसाहतीत स्टीलची कामं करतो. दुधाच्या टाक्या, बेकरीचे ट्रे, हॉटेलांची टेबलं. वरची चर्चा वाचली आणि त्या खरपुडीवर अडकलो.

ताई, ट्रेचा कोपरा काटकोनात दुमडून आतून वेल्डिंग केलंय का? माझा अंदाज आहे की केलंय. शाळा-कॉलेजातून येणाऱ्या नव्वद टक्के ड्रॉइंगमध्ये कोपरा असाच असतो, कारण कागदावर तो सोपा. त्या कोपऱ्यात बोट जात नाही, मग घासणी कुठून जाणार? रस तिथे साचतो. कोकमाचा रस म्हणजे आंबट, वर मीठ घातलेलं. आंबट आणि मीठ एकत्र आलं की ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडतात, आणि वेल्डिंगपाशी सगळ्यात आधी. खरपुडी निघत नाही कारण ती खड्ड्यांत रुतलीय. आमच्या फिटरला दाखवलं तर अंगठा फिरवून सांगेल.

हे ३१६ प्रतीच्या, आंबट-खारं जास्त सोसणाऱ्या स्टीलमध्ये करावं लागेल, महाग पडेल. किंवा स्टीलची नुसती चौकट ठेवून वर खाद्यपदार्थांना चालणारी प्लास्टिकची जाळी बसवायची, जी काढून बादलीत धुता येते. वजनही निम्म्यावर येईल, म्हणजे सत्तरीच्या बाईंची अडचण आपोआप कमी. कोपरा गोल करायचा आणि वेल्डिंग बाहेरून. आमच्या फिटरने माशांच्या ट्रेला असं केलं होतं, त्याचीच कल्पना.

एक विनंती. आमच्याकडे कॉलेजची माणसं येतात ती उद्घाटनाच्या आधी आठ दिवस येतात. तेव्हा बदलायला काही उरलेलं नसतं. मी पैसे घालायला तयार आहे, पण आधी यायला हवं.

मृगनक्षत्र
मी चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही लिहिलेलं करून बघत होते.

तारखा काढल्या. चारपैकी तीन अजून वाचवता येतात. त्यातली दोन वाचवतोय, एक सोडून देतोय, आणि का सोडली ते फायलीत अर्धं पान लिहून ठेवलंय. खाजन, पीएच.डी. विभागाशी बोलले. प्रबंधाआधीच्या सेमिनारची तारीख ठरली की त्याची प्रत आता आमच्याकडे येणार. पहिलाच सेमिनार पुढच्या बुधवारी आहे, मी स्वतः जाऊन बसणार आहे. जे झालं ते मला परत आणता येत नाही, पण तुमचं लिहिणं मी त्या विभागाला वाचून दाखवलं.

वित्त_आणि_लेखा, तुमचा मुद्दा सोडलेला नाही. वरिष्ठांना द्यायच्या तक्त्यात अर्जांचा रकाना ठेवलाय. त्याच्या शेजारी ‘कुणाला दाखवलं, तो काय म्हणाला’ असा नवा रकाना टाकलाय. पहिल्या महिन्यात तो बहुतेक रिकामाच दिसेल. तसाच दाखवणार आहे.

कुंडईकर, कोपरा तुम्ही म्हणालात तसाच आहे. आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. शनिवारी आले तर चालेल का?

पेडणे_ते_दादर
शनिवारी जायच्या आधी एक गोष्ट करा. ट्रेची आणि जाळीची जेवढी रचना इथे लिहून झाली तेवढी आता उघड झाली, पण काम करताना त्यापुढचं काही खरोखर नवीन निघालं, तर मूळ पेटंटाला जोडून ‘पेटंट ऑफ अ‍ॅडिशन’ घेता येतं. त्याला वेगळं नूतनीकरण शुल्क नसतं, मूळ पेटंटाबरोबरच ते संपतं. पण ज्याची कल्पना आहे त्याचं नाव संशोधक म्हणून गेलंच पाहिजे, मग तो प्राध्यापक असो की नसो. अर्ज संस्थेच्या नावाने असेल, म्हणून त्याच्याकडून हक्क लिहून घ्यावे लागतील आणि त्याचा वाटा किती तेही त्याच कागदावर यायला हवं. एक पान पुरे. मसुदा तुम्हाला निरोपातून पाठवते, फी नको. आणि तपशील आता धाग्यावर आणखी उघड करू नका.

कुंडईकर
ठीक आहे, इथे आणखी लिहीत नाही. नाव फिटरचंच घाला, माझं नको. तो वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि त्याचं नाव आजवर हजेरीपटाशिवाय कुठे आलेलं नाही.

शनिवारी एक वाजेपर्यंत कारखाना चालू असतो. सत्तरीच्या बाईंना जमलं तर त्यांनाही घेऊन या. ट्रे आणा, आणि आणण्याआधी धुवू नका.